वाकडा गज

१

मखमलाबाद नाक्यावरच्या 'छाया फोटो स्टुडिओ'ची खिडकी अनेक वर्षं बंद होती, आणि तेवढी वर्षं सावळीराम सुखात होता. आतली खोली तेव्हा डार्करूम होती. खिडकीच्या काचेला काळा कागद, त्यावर जुनी गोधडी. पुढे डिजिटलचा जमाना आला. डार्करूमची कॉम्प्युटरची खोली झाली, दाराला लॅचचं कुलूप लागलं, सावळीरामने गोधडी काढली, कागद फाडला. खोलीत उजेड आला आणि उजेडाबरोबर समोरचं दुकानही आत आलं.

समोरच्या दुकानाचं नाव 'समाधान डिजिटल'. मालक समाधान हा सावळीरामच्या बायकोचा, छायाचा मावसभाऊ. नव्वदच्या सुमारास तो सावळीरामच्या मागे लग्नांतून लाइट धरून हिंडायचा. मग सातपूरला कारखान्यात काही वर्षं काढली, आणि परतला तो थेट रस्त्यापलीकडचा गाळा घेऊनच.

"अख्खं नाशिक सोडून इथंच का रे?" सावळीरामने विचारलं होतं.

"दाजी, तुमच्या नजरेसमोर असलो म्हणजे चुका होणार नाहीत."

या उत्तराचा राग येणं कुठल्याही माणसाला शक्य नव्हतं. सावळीरामला आला.

खिडकीला तीन उभे गज होते. मधला एकदा केबलवाल्याच्या शिडीने वाकला. नीट करायचं राहून गेलं. म्हणजे राहू दिलं. त्या बाकात कपाळ टेकवून उभं राहिलं की समाधानचं दुकान काउंटरपासून थेट आतल्या कॉम्प्युटरपर्यंत दिसे. जेवणानंतर नाक्यावरची दुकानं अर्धी शटरं ओढून डुलक्या घेत, तेव्हा सावळीराम पडदा खिळ्याला अडकवून तिथे उभा राही. कोण आलं, काय घेऊन गेलं, जाताना हसत होतं का. याला तो 'बाजाराचा अंदाज घेणं' म्हणत असे.

पुढच्या पायरीवर त्याची आई नवसाबाई हार गुंफत बसलेली असे. आयुष्य फूलबाजारात गेलेलं. हात रिकामे राहिले की तिला ताप आल्यासारखं व्हायचं. तिथूनच ती ओरडायची, "सावळ्या, सर तिथून. लय बघू नको. बघून बघून माणूस तिथंच ऱ्हातो."

"गिऱ्हाईक बघतोय, आई."

"गिऱ्हाईक दाराकडनं येतं, बाबा. खिडकीकडनं नाय."

२

दोघांचाही खरा धंदा दहाव्याच्या फोटोंचा. लग्नं मोसमात होतात, माणसं बारा महिने जातात. माणूस गेला की घरात लक्षात येतं, याचा एकट्याचा असा फोटोच नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन मंडळी येतात. तिसऱ्या रांगेत, करवलीच्या खांद्याआड, दुसऱ्याचा फेटा घातलेला आणि फ्लॅशला डोळे मिटलेला एक गृहस्थ. त्याला गर्दीतून कापून काढायचं, फेटा उतरवायचा, मागे निळं आकाश लावायचं आणि डोळे उघडायचे. जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी धड पाहिलं नाही, त्याच्याकडे दहाव्याला रामकुंडावर सगळ्यांनी हात जोडून पाहावं, यासाठी एवढा खटाटोप.

डोळे उघडणं ही सावळीरामची खासियत. निगेटिव्हवर पेन्सिलने काम करायचे तेव्हा त्याचे उस्ताद सांगत, बुबुळात पांढरा ठिपका जागेवर पडला की माणूस बघायला लागतो. नाही पडला की नुसता कागद. कॉम्प्युटर आल्यावरही सावळीराम ठिपका हातानेच ठेवायचा. फोटोशॉप तो रीतसर शिकला होता. प्रत्येक पापणीला वेगळा लेयर.

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात समाधानने मुंबईहून एक सीडी आणली आणि टपरीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दाजी, डोळे उघडायचं प्लग-इन आलंय. फिल्टरमध्ये गेलं की सगळ्यात खाली दिसतं. एक बटण सरकवायचं, बस. तुम्ही एका डोळ्याला अख्खी दुपार घालवता."

"फोटोशॉपमध्ये काय कमी आहे म्हणून हे ठिगळ?" सावळीराम म्हणाला. "जे प्लग-इन करतं ते सगळं त्यातच आहे, फक्त डोकं लागतं. घरात पाटा-वरवंटा असताना पुडीचा मसाला आणण्यातला प्रकार."

"छायाताई पुडीचाच वापरते, दाजी."

टपरीवर हशा झाला. सावळीरामला ही बातमी नवीन होती. त्याने चहा संपवला आणि मुद्दा सोडला नाही. "बटण आत काय करतं ते तुला माहीत आहे का? नाही ना? जे आपल्याला कळत नाही ते आपण केलं, असं कसं म्हणायचं?"

"कळून काय करू? गिऱ्हाईक डोळे बघतं. लेयर मोजत नाही."

सावळीरामचं म्हणणं बरोबर होतं. पण हसले ते समाधानच्या बाजूने.

३

पावसाळ्याच्या तोंडाला वत्सलाबाई आली. गंगापूरकडची, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी. नवरा बुधा गेला होता. फोटो असाच, कुणाच्या तरी हळदीतला, डोळे मिटलेला. सावळीरामने दोन दुपारी घालवल्या. ठिपका असा ठेवला की उस्तादांनी पाठ थोपटली असती.

वत्सलाबाईने फोटो बराच वेळ पाहिला. "चांगला हाय," ती म्हणाली. न आवडलेली वस्तू चांगली म्हणताना माणूस ती जशी हळूच उलटी ठेवतो, तसा तिने तो ठेवला.

थोड्या वेळाने, गजाच्या बाकात कपाळ टेकवलेल्या सावळीरामला ती रस्ता ओलांडताना दिसली. हातात तोच हळदीचा फोटो. समाधानने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. आत गेला. मग स्क्रीन तिच्याकडे फिरवला, आणि वत्सलाबाईने पदर तोंडात धरला. रस्त्यावरून बस जात होती म्हणून आवाज आला नाही, पण ओठ दिसले. *बघत्यात ओ. हे माझ्याकडं बघत्यात.*

सावळीरामच्या ठिपक्यावर आजवर कुणी असं रडलं नव्हतं. त्याच्या फोटोंना लोक म्हणत, 'हुबेहूब'. हुबेहूब हा शब्द इतका कोरडा आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी 'फेविकॉल आहे का' असं विचारत तो समोर गेला. बुधाचा फोटो फ्रेम होऊन टेबलावर होता. डोळे पाहून सावळीराम जागच्या जागी थांबला. बुधा त्याच्याकडेच बघत होता, आणि ओळखून बघत होता.

पण सवय सुटत नाही. त्याने खिशातून निगेटिव्ह पाहायचं जुनं भिंग काढलं आणि बुबुळावर धरलं. ठिपका नव्हता. ठिपक्याच्या जागी एक उजेडाचा चौकोन होता. त्यात उभ्या रेघा.

खिडकी.

हळदीचा कार्यक्रम मांडवात होता. मांडवाला खिडकी नसते. सावळीरामला एकदम हलकं वाटलं. प्लग-इनवाल्यांनी कुठली तरी एक तयार खिडकी घेतली आहे आणि ती जो येईल त्याच्या डोळ्यात चिकटवतात! पुडीचा मसाला! त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला. छायाने आमटी पुडीच्या मसाल्याची केली होती, तरी.

४

समाधानचं पितळ उघडं पाडायचं तर पुरावे हवेत. सावळीराम ओळखीच्या घरांत सांत्वनाला जाऊ लागला. इतका भेटीगाठीचा तो पूर्वी कधीच नव्हता. छायाला वाटलं, वयाने मऊ झाला. तो चहा घ्यायचा, हळहळायचा, आणि बायका आत गेल्या की भिंतीजवळ जाऊन भिंग लावायचा.

सगळ्यांच्या डोळ्यांत खिडकी होती. इथपर्यंत ठीक.

पण तयार खिडकी असती तर ती सगळीकडे सारखी हवी. ती सारखी नव्हती. एका म्हातारीच्या डोळ्यातल्या खिडकीत ऊन डावीकडून होतं. दुसऱ्या एका डोळ्यात काच ओली होती. आणि रेघा तीन होत्या, त्यातली मधली सरळ नव्हती. भिंगाचा दोष असेल, असं त्याने ठरवलं. भिंग शर्टाच्या टोकाने पुसलं. रेघ वाकडीच राहिली. तिच्या बाकात काहीतरी गोल, काळं होतं. दिव्याची शेड असावी. कुंडी असावी. बुधाच्या फोटोत ते जरा खाली होतं, म्हातारीच्या फोटोत जरा तिरकं.

फक्त एका फोटोत खिडकी रिकामी होती. तो फोटो अजून समाधानच्या दुकानात टांगलेला होता, एका ड्रायव्हरचा.

"हा कधी केलास रे?" सावळीरामने सहज विचारावं तसं विचारलं.

"हा? तुम्ही ओझरला लग्नाच्या शूटिंगला गेला होतात ना, त्या दुपारी. माझ्या चांगलं ध्यानात आहे." समाधान हसला. त्याच्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. तेच तर सावळीरामला सहन होत नसे. "तुमची खिडकी रिकामी असली की करमत नाही, दाजी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, तुम्ही बघता ते दिसतं की इकडून. माझा कॉम्प्युटर तुमच्या खिडकीसमोरच आहे. मला बरं वाटतं. कुणीतरी लक्ष ठेवून आहे."

सावळीराम कानापर्यंत तापला. आधी लाजेने. रस्ता ओलांडता ओलांडता दुसऱ्या कारणाने गार पडला. अर्ध्या रस्त्यात त्याने मान वर केली. समोर त्याची खिडकी होती. तीन गज, मधला वाकडा, डावीकडून ऊन.

मेलेल्या माणसांचे डोळे उघडतात तेव्हा त्यांना पहिलं काय दिसतं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो झुरळासारखा झटकला. फोटो म्हणजे ठिपके. ठिपके म्हणजे आकडे. आकड्यांना समोरचं दिसत नाही. हे त्याने स्वतःला नीट समजावून सांगितलं, शाळेतल्या मास्तरासारखं. आणि विद्यार्थ्याला पटलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो बाकात कपाळ टेकवून उभा होताच. तिथे गजावर आता त्याच्या कपाळाच्या तेलाचा डाग पडला होता.

५

श्रावणात नवसाबाई गेली. पायरीवर, हार गुंफताना, मान कलंडली. सावळीराम आत होता, खिडकीपाशी. ती दोनदा काहीतरी बोलली असं टपरीवाला म्हणाला. सावळीरामने ऐकलं नव्हतं. समोर तेव्हा एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं.

फोटोग्राफरच्या आईचा फोटो नव्हता. ती काढू देत नसे. होता तो एकच, फूलबाजारातल्या बायकांचा, शेवंतीच्या पाट्यांमागे ओळीने बसलेल्या, आणि त्यात नवसाबाईने फ्लॅशला डोळे गच्च मिटलेले. सावळीराम तिला चिडवायचा, "आई, मेल्यावर मीच उघडीन बघ तुझे डोळे." ती म्हणायची, "उघड बाबा. मग तरी माझ्याकडं बघशील."

सांत्वनाला माणसं बसली होती तेव्हा त्याच्या मोठ्या बहिणीने, भिमाबाईने विषय काढला. पिंपळगावच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला असलेली, तोंडाने फटकळ. "आईचा फोटो समाधानकडं दे."

"मी मेलोय का?"

"तू नाय रे. तुझ्या फोटोतली माणसं मेलेली दिसत्यात. त्याच्यातली बघत्यात."

छाया खाली मान घालून भाताचं बघायला उठली. म्हणजे तिचंही तेच मत होतं.

"आईचे डोळे मी उघडणार," सावळीराम म्हणाला. "हाताने. ठिगळ न लावता."

सुतकातच तो दुकान उघडून बसला. फोटो स्कॅन केला, शेजारणींमधून आई कापून काढली, पापण्यांचा लेयर केला. मग बुबुळ काढायला घेतलं, आणि हात थांबला.

आईचे डोळे कसे होते?

पिंगट होते की काळे? डाव्या डोळ्यात कसलासा डाग होता, की उजव्या? बोलताना ती डोळे बारीक करायची, की ते उन्हामुळे? वर्षानुवर्षं ती त्याच्यापासून हाताच्या अंतरावर पायरीवर बसली होती. त्याला समाधानच्या टेबलावरच्या पेन स्टँडचा रंग आठवत होता. समाधानच्या गिऱ्हाइकांच्या चपला आठवत होत्या. आईचे डोळे आठवत नव्हते.

त्याने अंदाजाने काढले. भिमाबाईचे झाले. पुसले. पुन्हा काढले. कुणा सोज्वळ कॅलेंडरच्या बाईचे झाले. ठिपका ठेवला, हलवला, पुन्हा ठेवला. कागद. नुसता कागद.

६

सीडी समाधानने स्वतःच आणून दिली. रुमालात गुंडाळून, चोरासारखी, कुणाला दिसू नये म्हणून. "दाजी, तुम्हीच करा. फक्त हे वापरा. कुणाला सांगणार नाही मी. मलाही आईच होती ती."

सावळीरामला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याने सीडी घेतली.

दुपार होती. शटर अर्धं. पंख्याची एक पाती जाळीला लागून टकटक करत होती. त्याने प्लग-इन चढवलं, फोटोशॉप उघडलं. फिल्टरच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ वाढली होती. ती दाबण्याआधी त्याने नीट विचार केला. इथे, त्याच्या खोलीत, खिडकी त्याच्या पाठीशी आहे. तो खुर्चीत आहे. खिडकीत कुणी नाही. म्हणजे समाधानच्या फोटोंत जे येतं ते इथे यायचं कारण नाही. आलंच तर प्लग-इन खोटं ठरेल. दोन्हीकडून आपलाच फायदा.

त्याने बटण सरकवलं.

नवसाबाईने डोळे उघडले.

पिंगट होते. डाव्या डोळ्यात तिळाएवढा डाग होता. आणि ती त्याच्याकडे बघत होती, पायरीवरून हाक मारून दमल्यावर बघायची तशी. सावळीरामला हुंदका फुटला. मांडीवर हात ठेवून तो पोरासारखा रडला. किती वेळ, कोण जाणे. पंखा टकटक करत राहिला.

मग त्याने डोळे पुसले, आणि जे करायला नको होतं ते केलं. बुबुळ मोठं केलं.

फोटो मोठा करत गेलं की शेवटी चौकोन दिसू लागतात. शेवंतीच्या पाट्यांमागच्या त्या फोटोत तिचा डोळा तांदळाच्या कणीएवढा होता, त्यात असायला काही जागाच नव्हती. चौकोन आले नाहीत. खिडकी आली. तीन गज. खिळ्याला अडकवलेला पडदा. आणि बाकात डोकं टेकवून उभा असलेला एक माणूस.

इथून तो पाठमोरा दिसत होता. अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट. टाळूवर केस विरळ होऊन एक गोल चकाकत होता. ते टक्कल छाया त्याला दोन वर्षांपासून सांगत होती आणि त्याचा विश्वास बसत नव्हता. आता बसला.

सावळीरामने अंगावर पाहिलं. चौकटीचा शर्ट. तो खुर्चीत होता, हे त्याने खुर्चीचे हात धरून पक्कं केलं. मग मान वळवली.

खिडकीत कुणी नव्हतं. ऊन होतं. पडदा मात्र खिळ्याला अडकवलेला होता, आणि आज तो त्याने अडकवला नव्हता.

तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. प्लग-इनचं बटण मध्यावर होतं. त्याच्या हाताखाली ते थोडंसं पुढे सरकलं होतं, धक्क्यानेच असेल. डोळ्यातल्या माणसाचा कान आता दिसत होता. आणि गालाची कड.

तो वळत होता.

सावळीरामने बटण झटकन मागे ओढलं, फोटो तेवढ्यावर सेव्ह केला आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली.

७

दहाव्याला रामकुंडावर सावळीरामचं मुंडण झालं. नवसाबाईचा फोटो पिंडाशेजारी ठेवला. येणारा प्रत्येक जण थबकत होता. वत्सलाबाई आली होती, तिने फोटोपुढे वाकून म्हटलं, "नवसाबाई, कशी बघती गं!" भिमाबाई मोठ्याने रडली. "तूच केलास ना रे? तूच?" तिने विचारलं. सावळीराम 'हो' म्हणाला. 'बघती' या ज्या शब्दासाठी तो आयुष्यभर जळला, तो त्याला मिळाला आणि तोंडात राखेसारखा लागला.

कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते, खाली उतरत नव्हते. गुरुजी म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिली असेल. बोला, काय देणार ते."

भिमाबाई पुढे झाली. "आई, सावळ्याला मी बघीन." नाही. छायाने हात जोडले. नाही. मग सावळीराम पुढे गेला, गार पाण्यात पाय, डोक्यावर वारा. फोटोकडे न बघता हळू म्हणाला, "आई, सरतो मी तिथून. नाही बघणार पुन्हा."

कावळे जागचे हलले नाहीत. जणू ज्याने म्हणायला हवं होतं तो म्हणाला नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना समाधान त्याच्या बाजूने चालत होता. "दाजी, रागावू नका. पण काल अख्खी दुपार तुम्ही खिडकीत होतात. मी दोनदा हात केला. बघत राहिलात नुसते. घरी जाऊन पडायचं ना, अशा दिवसांत."

काल सावळीराम दुपारभर घरी पाहुण्यांत बसला होता. दुकान बंद होतं. किल्ली भिमाबाईच्या पिशवीत होती.

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

८

तेरावं उरकल्यावर त्याने काळू गवंड्याला बोलावलं. खिडकी विटांनी बुजवायची, गजांसकट. "आतून करू का बाहेरनं?" काळूने विचारलं.

"बाहेरून," सावळीराम म्हणाला. "आत जायचं काम नाही."

दुकानाला कुलूप, आतल्या खोलीला लॅच. किल्ल्या खिशात मुठीत धरून सावळीराम रस्त्यावर उभा राहिला. मुंडलेल्या डोक्याला ऊन लागत होतं. काळू माल कालवत होता, वीट ठेवत होता, थापीने ठोकत होता. पलीकडून समाधान बघत होता. आज पहिल्यांदा उलटं.

विटा वाकड्या गजापर्यंत चढल्या तेव्हा काळू थांबला. आत बघून म्हणाला, "भाऊ, जरा मागं सरा. माल उडंल डोळ्यात." मग थोडं थांबून सावळीरामकडे वळला. "सरना झालेत. तुम्ही सांगा की."

सावळीरामने मान वर केली नाही. "कुणाला?"

"हे आतले. तुमचे भाऊ का ओ? तोंड सारखंच हाय." काळूने आवाज खाली आणला, अशा गोष्टी मोठ्याने बोलायच्या नसतात. "आई गेली ना तुमची? मग ह्यांनी केस कसे नाय काढले?"

सावळीरामला भाऊ नव्हता. त्याने चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"वीट लाव," तो म्हणाला.

"पण ते बघत्यात ना नुसतं—"

"लाव म्हणतो ना."

काळूने वीट लावली. मग दुसरी. शेवटची लावताना त्याने तोंड बाजूला केलं होतं. पाणी मारून, थापी धुऊन तो जरा घाईनेच गेला.

सावळीराम घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. भिमाबाई पिंपळगावच्या गाडीसाठी पिशवी भरत होती. आईला नमस्कार करायला ती फोटोपुढे गेली आणि तशीच उभी राहिली.

"काय केलंस रे फोटोला?"

"काही नाही."

"मघापर्यंत कशी बघत होती." तिने फोटो उजेडाकडे तिरका केला, पदराने काच पुसली. "आता तुझ्या फोटोसारखी झाली."

सावळीरामने भिंग काढलं नाही. लागलंच नाही. पिंगट रंग होता, तीळ होता, पापण्या होत्या. उजेडाचा चौकोन नव्हता. विटकरी, सपाट, बुजलेलं काहीतरी होतं, आणि त्यापलीकडे आई असलीच तर तिला आता इकडचं काही दिसत नव्हतं.

आतून छायाचा आवाज आला, "अहो, उद्यापासून दुकान उघडताय ना? समाधान विचारत होता."

सावळीरामने खिशात हात घातला. किल्ल्या होत्या. त्या खोलीला आता खिडकी नव्हती, एकच दार होतं. आणि लॅच आतून उघडायला किल्ली लागत नाही.